टेपवर ठपका ठेवण्याआधी

जुन्या संगणकाच्या टेप ड्राइव्हने ‘वाचता येत नाही’ असं सांगितलं की समोरच्याचा निकाल तयारच असतो: टेप गेली. वीस-पंचवीस वर्षं कपाटात पडलेली, प्लॅस्टिकच्या पेटीतली तपकिरी पट्टी. ती काय टिकणार? हा निकाल घाईचा असतो, आणि कित्येकदा चुकीचाही. ड्राइव्हने कळवलेली चूक हेडवरच्या धुळीत असू शकते, रबराच्या चाकात, केबलच्या टोकाला, संगणकाच्या मेमरीत, भिंतीतल्या अर्थिंगमध्ये, किंवा टेप अगदी नीट वाचली गेल्यावर अक्षरं ज्या फाँटमध्ये दाखवायची त्या फाँटमध्येही. पण ‘टेप निर्दोष असू शकते’ एवढंच सांगून भागत नाही. दोष शोधताना आपण सहसा सर्वांत संभाव्य कारण आधी तपासतो. ज्या टेपवर एखाद्या माहितीची एकमेव प्रत उरली आहे, तिच्या बाबतीत हा क्रम मोडावा लागतो. तिथे प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा: हे करून पाहिलं आणि फसलं, तर मागे येता येईल का? ज्याने टेपला काहीच होऊ शकत नाही ते आधी, मग ते कारण कितीही दूरचं वाटो. टेप फिरवणं, ताणणं, तापवणं हे शेवटी.

हा क्रम शहरातल्या सुसज्ज प्रयोगशाळेपेक्षा वारंगा फाट्यासारख्या ठिकाणी जास्त महत्त्वाचा ठरतो. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात नांदेडकडून येणारा रस्ता इथे दुभागतो. एक हिंगोली-वाशीमवरून अकोल्याला जातो, दुसरा उमरखेड-यवतमाळवरून वर्धा-नागपूरकडे. महामार्गाची वाहतूक, काळ्या मातीची बारीक धूळ, चाळिशीच्या वर जाणारा उन्हाळा आणि मग एकदम दमट पावसाळा. अशा ठिकाणच्या एखाद्या पतसंस्थेच्या, छापखान्याच्या किंवा महाविद्यालयाच्या लोखंडी कपाटातून जुनं कार्ट्रिज निघालं, तर पहिला सल्ला मिळतो तो ‘पुण्याला किंवा हैदराबादला पाठवून द्या’ असा. सल्ला वाईट नाही, पण पाठवणं हीदेखील टेपवर केलेली एक क्रियाच आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पारा साठ अंशांच्या वर सहज जातो, आणि टेपची ने-आण करताना सोसायची वरची मर्यादा साधारण पंचेचाळीस ते पन्नास अंशांच्या घरात असते. म्हणजे दोष टेपमध्ये नसेल, तर तो प्रवासात तयार होण्याची सोय आपणच करतो. पाठवायचंच असेल तर उन्हाळा टाळून, आणि त्याआधी इथल्या इथे जे बिनधोक तपासता येईल ते तपासून.

अशी टेप मुळात इथे आली कशी असेल, हे पाहिलं की तिची किंमत कळते. बँकांच्या संगणकीकरणासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४ मध्ये आला, दुसरा १९८९ मध्ये. त्यानंतरच्या दशकात शाखाशाखांत युनिक्सवर चालणारी यंत्रं आली. कोअर बँकिंग येईपर्यंत प्रत्येक शाखेचा हिशेब त्या शाखेच्याच यंत्रात राहत असे, आणि दिवस बंद करताना त्याची प्रत टेपवर किंवा फ्लॉपीवर घ्यावी लागे. सरकारी बाजूला, जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत चाचणी म्हणून सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातून वर्धा होतं, फाट्यावरून यवतमाळकडे फुटणाऱ्या याच रस्त्यावरचं. हिंगोली जिल्हा तर झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधीचा कारभार परभणीचा. जिल्हा विभागला की कागद विभागले जातात, कपाटं हलतात, आणि जुन्या कार्ट्रिजसोबतचा ड्राइव्ह मात्र बहुधा भंगारात जातो. ड्राइव्ह गेला आणि टेप राहिली, ही पुढच्या बहुतेक अडचणींची सुरुवात असते.

आता यंत्राकडे. त्या काळात आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकार दिसत. एक पाव इंच रुंदीच्या पट्टीचं कार्ट्रिज. थ्रीएम कंपनीने ते १९७२ मध्ये आणलं आणि पुढे त्यातून क्यूआयसी नावाची मानकांची मालिका तयार झाली. दुसरा प्रकार १९८९ नंतरचा, डीडीएस, म्हणजे लोकांच्या तोंडातली ‘डॅट’. हिची पट्टी चार मिलिमीटरलाही किंचित कमी, आणि ती वाचणारी हेडं एका फिरत्या ड्रमवर बसवलेली, व्हिडिओ कॅसेटसारखी. पहिल्या पिढीच्या डीडीएसमध्ये माहिती लिहिलेल्या एका रेघेची रुंदी होती १३.६ मायक्रॉन. माणसाचा केस यापेक्षा चार-पाच पट जाड असतो. रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीचा एक साधा कण हेड आणि पट्टीच्या मध्ये आला की हेड पट्टीपासून उचललं जातं आणि तेवढा भाग यंत्राला दिसेनासा होतो. यंत्राच्या लेखी तो वाचता न आलेला भाग असतो. कारण टेप की धूळ, हे त्याला ठाऊक नसतं, आणि त्याच्या संदेशात ते शोधूही नये.

शिवाय यंत्र प्रत्येक चूक सांगत नाही. क्यूआयसी-८० या लोकप्रिय प्रकारात माहिती बत्तीस खणांच्या गटांत लिहिली जाते. त्यांतले एकोणतीस खण खऱ्या माहितीचे आणि तीन दुरुस्तीच्या गणिताचे. गटातले तीन खण वाचता आले नाहीत तरी उरलेल्यांवरून ते परत काढता येतात, आणि वापरणाऱ्याला काही कळतही नाही. डीडीएसमध्ये दुरुस्तीचे असे तीन थर असतात. म्हणून ‘कालपर्यंत चालत होती, आज अचानक गेली’ या तक्रारीतलं ‘अचानक’ खरं नसतं. चुका महिनोन्महिने वाढत असतात, दुरुस्तीचं गणित त्या पोटात घेत असतं, आणि चौथा खण गेला की संदेश येतो. ही गोष्ट निराश करणारी वाटली तरी तिची एक चांगली बाजू आहे. यशापयशात अंतर एका खणाचं असेल, तर हेड पुसून एक खण परत मिळवणंही पुरेसं होतं. टेप साफ मेलेली दिसते तेव्हा ती पुष्कळदा काठावर असते.

मग टेपचा दोष आणि इतरांचा दोष वेगळा करायचा कसा? सर्वांत उपयोगी पुरावा जवळजवळ फुकट मिळतो, आणि तोच कुणी लिहून ठेवत नाही. चूक कुठे आली, याची नोंद. पट्टीवर ओरखडा असेल, मुलामा उडाला असेल, तर चूक दर वेळी त्याच जागी येते. अमुक फाइलच्या अमुक भागात, आज, उद्या आणि दुसऱ्या ड्राइव्हवरही. चूक दर खेपेला जागा बदलत असेल तर पट्टीला दोष देणं कठीण आहे, कारण ओरखडा चालत जात नाही. अशा भटक्या चुकांमागे सैल केबल, बिघडलेली मेमरी, हेडवर जमणारा मळ किंवा विजेतला गोंधळ असतो. तिसरी शक्यता अशी की चूक कुठेच येत नाही, सगळं ‘यशस्वी’ दिसतं, पण दोनदा काढलेल्या त्याच फाइलच्या दोन प्रती एकमेकींशी जुळत नाहीत. हे सर्वांत धोक्याचं, आणि इथे टेप जवळजवळ नक्कीच निर्दोष असते. टेपच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची तपासणी-बेरीज असते. चुकीचं वाचलेलं तिच्यातून सहसा सुटत नाही. बिघाड त्या तपासणीनंतरच्या वाटेवर, म्हणजे केबलीत किंवा संगणकाच्या मेमरीत शोधायला हवा.

स्कझी जोडणीच्या ड्राइव्हकडून आणखी एक पुरावा मिळतो. पडद्यावरचा संदेश मोघम असला तरी त्यामागे ड्राइव्ह एक आकडा पाठवतो. ३ म्हणजे माध्यमावर वाचता आलं नाही, ४ म्हणजे यंत्राचाच बिघाड, ८ म्हणजे पुढे कोरी पट्टी लागली, आणि सोळाच्या पद्धतीतला ‘बी’ म्हणजे काम मध्येच तुटलं, जे बहुधा केबलीच्या किंवा तिच्या टोकाला लावायच्या टर्मिनेटरच्या गडबडीने होतं. बॅकअपचे प्रोग्राम या साऱ्यांचं एकाच वाक्यात रूपांतर करतात आणि टेपवर ठपका येतो. लिनक्सच्या नोंदवहीत हा आकडा मूळ रूपात दिसतो, तिथून तो कागदावर उतरवून घ्यावा. तरीही ३ दिसला म्हणजे टेपच खराब, असा अर्थ घेऊ नये. मळलेलं हेडदेखील ३ च कळवतं.

आता क्रम. पहिला टप्पा असा की मूळ टेप ड्राइव्हमध्ये जातच नाही. तिची लिहिण्याची कळ ‘बंद’ बाजूला सरकवून ती बाजूला ठेवायची, आणि सारं काम एखाद्या टाकाऊ कार्ट्रिजवर करायचं. त्यावर काहीही लिहा, परत वाचा, दोन्ही प्रती जुळवून पाहा. जुळल्या नाहीत तर संगणकाची मेमरी तपासा, केबल बदला, स्कझीच्या साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर आहे ना आणि मध्ये भलताच तिसरा नाही ना, हे पाहा. क्यूआयसी-८० चे स्वस्त ड्राइव्ह फ्लॉपीच्याच जोडणीवर चालत. तिथे दुसरं एखादं कार्ड मध्ये आलं की संगणक माहिती वेळेवर उचलत नाही आणि तुकडे गळतात. तोही बिघाड भटक्याच स्वरूपाचा. प्रोग्रामचाही प्रश्न असतो. फ्लॉपी-टेप चालवणारा भाग लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांतून कधीच काढला गेला आहे, आणि विंडोजमधली टेपवर लिहिणारी बॅकअपची सोय व्हिस्टापासून गेली. नव्या संगणकाने ‘टेप ओळखता येत नाही’ म्हटलं तर ते त्याच्या वयाचं अज्ञान असतं.

विजेचं प्रकरण आपल्याकडे स्वतंत्र लक्ष मागतं. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्राने जे भारनियमन सोसलं, त्यात किती बॅकअप अर्ध्यावर तुटले असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. अशा अर्ध्यावर तुटलेल्या बॅकअपच्या टेपला शेवटाची खूण नसते, आणि वाचताना ती खराब टेपसारखीच वागते. तुटण्याआधीचा भाग मात्र शाबूत असतो. आजही जुना ड्राइव्ह चालवताना इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नये. अर्थिंग नावापुरतं असेल तर बाहेरच्या ड्राइव्हची पेटी आणि संगणक यांच्या अर्थिंगच्या पातळीत फरक पडतो आणि केबलीत गोंधळ शिरतो. शेजारी वेल्डिंगचं दुकान असेल तर काम त्याच्या सुट्टीच्या दिवशी करावं. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण टेपला हात न लावता तपासता येणाऱ्या गोष्टींची यादी लांब आहे ती यामुळेच.

दुसरा टप्पा ड्राइव्हचा, आणि तोही टाकाऊ टेपवरच पार पाडायचा. पाव इंची कार्ट्रिज फिरवणारं चाक रबराचं असतं. वीस वर्षांत ते रबर कधी टणक होतं, कधी वितळून गुळासारखं चिकट होतं. चाक घसरलं की पट्टीचा वेग ढळतो आणि एकही ओरखडा नसताना सगळीकडे चुका येतात. याहून वाईट बिघाड प्रकाशाच्या डोळ्याचा. या पट्टीच्या दोन्ही टोकांजवळ बारीक छिद्रं असतात. त्यांतून आलेला उजेड पाहून ड्राइव्हला कळतं की टोक जवळ आलं, थांबायला हवं. पट्टीचं टोक आतल्या रिळाला पक्कं बांधलेलं नसतं. डोळ्यावर धूळ बसली तर ड्राइव्ह थांबत नाही आणि पट्टी रिळावरून सुटून बाहेर येते. म्हणजे फुंकर मारून जाणारी धूळ आणि हातात आलेली सुटी पट्टी यांच्यामध्ये केवळ एकच चूक उभी असते, ती म्हणजे मूळ टेप आधी घालून पाहणं. संभाव्यतेने पाहिलं तर डोळा बिघडल्याची शक्यता मळलेल्या हेडपेक्षा कमीच. तरी तो आधी तपासायचा, कारण तिथली चूक निस्तरणं फार अवघड.

हेड पुसायला औषधाच्या दुकानातलं साधं स्पिरिट चालत नाही. त्यात पाणी असतं आणि इतर काहीबाही मिसळलेलं असतं. नव्व्याण्णव टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड, इतकंच. डीडीएसच्या फिरत्या ड्रमला मात्र कापसाची काडी लावूच नये. त्यावरची हेडं इतकी नाजूक असतात की उभा घासा बसला तर तुटतात. त्याच्यासाठी सफाईचं कार्ट्रिज वेगळं मिळतं.

या टप्प्याचं महत्त्व पटवणारा पुरावा बराच दूरचा आहे. १९६६-६७ मध्ये अमेरिकेच्या पाच ल्यूनर ऑर्बिटर यानांनी चंद्राची छायाचित्रं पाठवली आणि ती मोठ्या टेपांवर नोंदली गेली. पुढे या टेपा सांभाळणाऱ्या नासाच्या नॅन्सी इव्हान्स यांनी त्या वाचणारे अँपेक्स कंपनीचे एफआर-९०० ड्राइव्हही वाचवले, आणि ते अवजड धूड वर्षानुवर्षं स्वतःच्या गॅरेजमध्ये ठेवलं. २००८ च्या सुमारास नासाच्या एम्स केंद्रातल्या एका बंद पडलेल्या मॅकडॉनल्ड्सच्या जागेत ते ड्राइव्ह दुरुस्त करण्याचं काम सुरू झालं, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये चंद्रावरून दिसणाऱ्या पृथ्वीचं चित्र मूळ टेपवरून, आधी छापलं गेलं होतं त्याहून कितीतरी स्पष्ट, बाहेर आलं. चाळीस वर्षं टेपा बऱ्या होत्या. मोडकळीला आला होता तो ड्राइव्ह. इव्हान्स यांनी फक्त टेपा जपल्या असत्या तर आज त्या ‘वाचता न येणाऱ्या’ म्हणूनच मोजल्या गेल्या असत्या.

यातूनच ड्राइव्ह कोणता, हा मुद्दा येतो. जुन्या ड्राइव्हचं हेड किंचित कललेलं असेल तर त्याने लिहिलेल्या रेघाही तशाच तिरक्या असतात. त्याला स्वतःचं लिखाण वाचता येतं, दुसऱ्या नीट ड्राइव्हला येत नाही. म्हणून नव्याने मिळवलेला, उत्तम चालणारा ड्राइव्ह टेप नाकारत असेल तर दोष ड्राइव्हचाही नाही आणि टेपचाही नाही. दोघांची सरळ रेघ वेगळी आहे. अशा वेळी तो भंगारात गेलेला, कुरकुरणारा मूळ ड्राइव्ह सोन्याच्या मोलाचा असतो. कार्यालयात जुनं यंत्र लिलावात काढताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. टेप ‘रेकॉर्ड’ म्हणून जपली जाते आणि ड्राइव्ह ‘निरुपयोगी साहित्य’ म्हणून जातो.

तिसऱ्या टप्प्यात मूळ टेप. तीसुद्धा आधी डोळ्यांनी पाहायची. पाव इंची कार्ट्रिजमध्ये पट्टी ताणून धरणारा लवचीक पट्टा असतो. तो सैल पडतो, तुटतो, किंवा एकाच जागी वर्षानुवर्षं दाबून बसल्याने पट्टीला चिकटतो. तो चिकटलेला असताना मोटर फिरली तर मुलाम्यासकट माहिती उचकटून निघते. टेप थंड कपाटातून किंवा तापलेल्या खोलीतून आली असेल तर ड्राइव्हच्याच खोलीत एक दिवस पडू द्यावी. मग एकच फेरी, आणि त्या फेरीत फाइली शोधत बसायचं नाही. टेपवर माहिती ज्या ठोकळ्यांत लिहिलेली असते, त्यांतल्या पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत जसं आहे तसं डिस्कवर उतरवून घ्यायचं. जिथे वाचता येणार नाही तिथे अडून न राहता पुढे जायचं आणि जागा टिपून ठेवायची. युनिक्समधली ‘डीडी’ ही आज्ञा हे काम करते, फक्त ठोकळ्याचा आकार बरोबर द्यावा लागतो. तो चुकला तरी ‘चूक’ दिसते, आणि पुन्हा टेपवर ठपका. पुढचे सगळे प्रयोग त्या उतरवलेल्या प्रतीवर. जुन्या मुलाम्याच्या चिकटपणावर टेप मंद आचेवर भाजण्याचा उपाय ध्वनिमुद्रणाच्या संग्रहालयांत वापरला जातो हे खरं. पण तो नेमकं तापमान धरणाऱ्या उपकरणात, ठरावीक जातींच्या टेपांसाठी आहे. घरच्या ओव्हनमध्ये प्लॅस्टिकची पेटी वाकते.

यावर जाणकार तंत्रज्ञ हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. क्यूआयसी ड्राइव्हची बरीच मॅन्युअलं चूक आली की पहिला उपाय सांगत तो टेप एकदा टोकापर्यंत नेऊन परत गुंडाळण्याचा, म्हणजे तिचा ताण सारखा करण्याचा. तो सोपा आहे आणि पुष्कळदा लागूही पडतो. मग तो शेवटच्या टप्प्यात का ढकलायचा? कारण ती मॅन्युअलं लिहिली गेली तेव्हा परिस्थिती उलटी होती. मूळ माहिती हार्ड डिस्कवर जिवंत होती आणि टेप ही दुसरी प्रत. टेप तुटली तर नवं कार्ट्रिज घालून रात्रीत दुसरा बॅकअप घेता येई, म्हणून सोपं ते आधी हे शहाणपणाचं होतं. आज ती हार्ड डिस्क नाही, ते कार्यालय कदाचित दुसऱ्या जिल्ह्यात आहे, आणि टेप ही प्रत न राहता मूळ दस्तऐवज झाली आहे. सल्ला तोच राहिला आणि त्याखालची परिस्थिती बदलली. ताण सारखा करण्याला माझा विरोध नाही. पट्टा आणि डोळा तपासल्यावर, टाकाऊ टेपवर ड्राइव्ह सिद्ध झाल्यावर तो खुशाल करावा.

दुसरी हरकत वेळेची. एवढ्या पायऱ्या कोण चढणार, आणि त्या टेपवर असं काय आहे? काही टेपांवर खरोखरच काही नसतं, आणि त्या फेकायलाही हव्यात. पण फेकण्याचा निर्णय वाचल्यानंतरचा असावा. अपोलो ११ च्या चांद्रयात्रेच्या मूळ संदेश-टेपांचा शोध नासाने काही वर्षं घेतला आणि २००९ मध्ये सांगितलं की त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. कोऱ्या टेपांचा तुटवडा होता, आणि पुसणाऱ्याच्या हातात त्या दिवशी केवळ जुन्या टेपा होत्या. उलट टोकाचं उदाहरण ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचं. १९९८ मध्ये एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या बहुतांश फाइली पुसल्या गेल्या. बॅकअप तपासला तर तो काही काळापासून धड चालतच नव्हता आणि कुणाला पत्ता नव्हता. चित्रपट वाचला तो गेलिन सुसमन यांनी घरून काम करण्यासाठी नेलेल्या प्रतीमुळे. तिथे बॅकअप घेतला जात होता, पण परत वाचून कुणी पाहिलं नव्हतं. फ्लॉपीच्या जोडणीवरचे क्यूआयसी-८० ड्राइव्ह तर लिहिता लिहिता तपासतही नसत. त्यासाठी वेगळी फेरी करावी लागे, तिला बॅकअपइतकाच वेळ लागे, आणि दिवसअखेरीला बस गाठायची असलेला कारकून ती फेरी गाळत असे, यात नवल नाही.

तिसरी हरकत अशी की टेपच कालबाह्य आहे, क्लाउडच्या जमान्यात हा उद्योग कशाला. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअरच्या दोषाने जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के खात्यांतली पत्रं नाहीशी झाली. गूगलच्या अनेक केंद्रांत त्यांच्या प्रती होत्या, पण दोष प्रतींनाही लागला होता. पत्रं परत आणली गेली ती टेपवरून, कारण कपाटात पडलेल्या टेपपर्यंत तो दोष पोहोचू शकत नव्हता. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेचा टेपवरचा साठा २०१७ मध्ये २०० पेटाबाइटच्या पुढे गेला. हिंगोली जिल्ह्यातच, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. अशा प्रयोगांत आज गोळा केलेले आकडे दहा-वीस वर्षांनी नव्या गणिताने पुन्हा चाळावे लागतात. टेप आजही नव्याने बनते, विकली जाते. जुनी झाली आहेत ती तिची आधीची मापं, आणि ती वाचणाऱ्या यंत्रांची आवृत्ती-साखळी दर काही वर्षांनी मागची कडी सोडून देते.

हे सगळं पार पडलं, टेप उतरली, फाइली निघाल्या, एकही चूक नाही, आणि फाइल उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरं, चिन्हं आणि कंसांचा काला दिसला, असं महाराष्ट्रात हमखास होतं. इथे बरेच जण पुन्हा टेपकडे वळतात आणि आणखी फेऱ्या मारून तिला खरोखर खराब करतात. पण तो काला बहुधा शुद्ध मराठी असतो. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर संगणकात अनेक परींनी साठवला जाई. सी-डॅकच्या जिस्ट पद्धतीत इस्की हे भारतीय मानक होतं, त्याचा क्रमांक आयएस १३१९४, वर्ष १९९१. छापखान्यांत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी होती, आकृती होती, आणि त्यांच्या आवृत्तीगणिक फाँटच्या सांकेतिक जागा बदलत. हे ओळखायची खूण सोपी आहे. टेपच्या बिघाडाने मजकूर अधूनमधून तुटतो आणि पुढे पुन्हा सुरळीत होतो. फाँटच्या फरकाने तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकाच नियमाने परका दिसतो. शब्दांमधली मोकळी जागा जागच्या जागी असते, आणि इंग्रजी आकडे बरेचदा जसेच्या तसे. एखादं ओळखीचं गावाचं नाव, समजा कळमनुरी, त्या काल्यात दर वेळी त्याच चार-सहा चिन्हांनी आलेलं दिसलं की संकेत सापडायला लागतो, आणि मग रूपांतराचा प्रोग्राम पुढचं काम करतो. म्हणूनच उतरवून झालेल्या टेपच्या पेटीवर नुसती तारीख लिहून पुरत नाही. कोणत्या ड्राइव्हवर लिहिली, कोणत्या प्रोग्रामने, ठोकळ्याचा आकार किती, कुठल्या जागा वाचता आल्या नाहीत, आणि आतला मराठी मजकूर कोणत्या फाँटचा, कोणत्या आवृत्तीचा, हेही बॉलपेनने लिहून ठेवावं लागतं.